तिसऱ्या मजल्यावरचं चौथं पिल्लू

१

वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की ती चार मजली इमारत दोन दिवसांत ओस पडायची. बॅगांची चाकं पायऱ्यांवरून धडधडत उतरायची, दारं ओढून घेतली जायची, आणि एकेका घराची चावी जिन्याखालच्या दुकानात येऊन पडायची. "काकू, कुंड्यांना पाणी." "काकू, माशांना चिमूटभर, जास्त नको." "काकू, काम काही नाही, नुसतं एकदा डोकावा." दुकान कुलपांचं होतं आणि काकूंना सगळी आळी चावीकाकू म्हणायची.

काकूंच्या वडिलांना मुलगा नव्हता. त्याबद्दल त्यांनी कधी उसासा टाकला नाही. मुलीच्या हातात कानस दिली आणि म्हणाले, "कुलपाशी भांडायचं नाही. त्याला बोलतं करायचं." काकू आता साठीला टेकल्या होत्या, पण हात तसाच होता. बँकेची तिजोरी अडो, नाहीतर कुणाचं पोर न्हाणीघरात कडी लावून बसो, लोक त्यांच्याकडे धावत यायचे. काकू चष्मा पुसायच्या, चपला अडकवायच्या आणि शांतपणे निघायच्या. त्यांना पळताना कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांचा नवरा छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेला. गुडघे गेले होते, नजर गेली नव्हती. दुकानातल्या स्टुलावर बसून तो रोजच्या वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने सुधारायचा.

"छापून झालेलं सुधारून काय मिळतं हो तुम्हाला?" काकू विचारायच्या.

"मला झोप लागते," तो म्हणायचा.

आणि मग होती आळीतली मांजर. राखाडी पट्ट्यांची, एका कानाचा शेंडा तुटलेली, चाल अशी की सरकारी तपासणीलाच निघाली आहे. सगळे तिला तपासनीसबाई म्हणत. ती कुणाच्या मालकीची नव्हती. कुणी दूध दिलं तरी आधी देणाऱ्याकडे नीट बघून घ्यायची. सुट्टीत सकाळी अकराला काकू चाव्यांचा जुडगा घेऊन वर निघाल्या की ती पुढे. प्रत्येक दाराचा उंबरा हुंगायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचं. चौथा मजला झाला की दोघी बरोबरच खाली यायच्या.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर थांबली, आणि हललीच नाही.

२

डाव्या हाताचं दार. ते घर अकरा वर्षं बंद होतं. घरमालकीण आजी दूर मुलाकडे राहायच्या, आणि त्या घराची चावी काकूंच्या फळीवर कधी आलीच नव्हती. मांजर दारासमोर पंजे जुळवून बसली होती आणि तोंड उघडून, आवाज न काढता ओरडत होती.

काकू खाली वाकल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आठवड्यापूर्वी डेऱ्यासारखं असलेलं पोट आता रिकामं लोंबत होतं.

"कुठं ठेवलीस गं पिल्लं?"

त्यांनी दाराला कान लावला. आत, बरंच लांब, सुईच्या टोकाइतका बारीक आवाज. म्यँव. पुन्हा एक. एकाहून जास्त गळे होते. काकूंना सगळं लगेच उमगलं. इमारतीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत हवेचा डक्ट होता, त्यातून गरम पाण्याचा पाइप जायचा. थंडीत ऊब शोधत ही बया तिथून न्हाणीघराच्या झडपेतून आत उतरली असणार. उतरता येतं, पण तोंडात पिल्लू धरून तेवढ्या उंचीवर उडी मारता येत नाही. म्हणून आत जाऊन पाजायचं आणि बाहेर येऊन माणसांना सांगायचं, असं तिचं चाललं होतं.

त्या कान काढणार, एवढ्यात पिल्लांच्या आवाजाखाली त्यांना आणखी एक आवाज ऐकू आला. घरघर. मांजर पिल्लांना जवळ घेऊन करते तशी, सलग, समाधानाची. फक्त जरा मोठी. मांजरीच्या छातीत मावणार नाही इतकी.

काकूंनी खाली पाहिलं. मांजर बाहेर होती, त्यांच्या पायाशी.

पाइप असेल, त्यांनी मनात म्हटलं. गरम पाणी चढताना पाइप घरघरतो. तसा तो घरघरायचाही.

खाली आल्या तर गवंडी अंगणात शिडी टेकवत होता. डक्टमध्ये कबुतरं फार झाली होती म्हणून सेक्रेटरी सुट्टीला जाण्याआधी त्याला काम सांगून गेले होते.

"उद्या दुपारी जाळी ठोकतो काकू. वरून, खालून, मधल्या झडपांना, सगळीकडे. मग मुंगीसुद्धा जाणार नाही."

"आत मांजरीची पिल्लं आहेत."

गवंड्याने टेकवलेली शिडी पुन्हा आडवी ठेवली. वाईट माणूस नव्हता. "मला संध्याकाळच्या गाडीने गावी जायचंय. दोन महिन्यांनी घरची माणसं दिसतील. उद्या बारापर्यंत थांबतो. त्याच्या आत काढता आली तर बघा."

"काढते," काकू म्हणाल्या.

नवऱ्याने स्टुलावरून मान वर केली. "मांजराची पिल्लं काढायला तू अकरा वर्षांचं कुलूप उघडणार?"

"मांजर माझ्याकडे आली होती हो. बाकीच्यांच्या दाराशी नाही बसली."

नवऱ्याने लाल पेनाला टोपण लावलं. बायको असं काही बोलली की त्याला छान वाटायचं, पण चाळीस वर्षांत त्याने ते कबूल केलं नव्हतं.

३

आजींना फोन लागला. आवाज म्हातारा, पण स्वच्छ. परवानगी त्यांनी लगेच दिली. "उघडा. पिल्लं काढा. घरात नेण्यासारखं काही नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "कुणाला तरी सोबत न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच काकू वर गेल्या. खांद्याला हत्यारांची कापडी पिशवी, मागून कठड्याला धरत, पायरीगणिक 'आई गं' म्हणत नवरा. मांजर आधीच दाराशी बसलेली. जिन्याच्या खिडकीतून ऊन आलं होतं. रिकाम्या इमारतीत कुठे नळही वाजत नव्हता.

काकूंनी बारीक तार कुलपात घातली आणि थांबल्या.

"काय झालं?"

"थांबा."

त्यांनी तार बाहेर काढून उजेडात धरली. अकरा वर्षं न उघडलेल्या कुलपात धूळ असते, गंज असतो, कोळ्याचं जाळंही असतं. तारेला तेल लागलं होतं. ताजं, पातळ तेल. काकूंनी वास घेतला. बाहेरचं भोक कोरडं होतं; तेल आतल्या अंगाला होतं.

"आजींनी जाताना भरपूर घातलं असेल," नवरा म्हणाला.

"तेल अकरा वर्षं टिकत नाही. त्याचा डिंक होतो."

"मग मुलगा येऊन गेला असेल."

असेल. काकूंनी पुन्हा तार घातली, आणि कुलूप इतकं सहज फिरलं की त्यांना ते आवडलं नाही. दार तीन बोटं उघडलं आणि अडलं. फटीत एक साखळी ताणली गेली होती.

दोघंही साखळीकडे बघत राहिले.

साखळी आतून लावायची असते. ती लावणारा माणूस आत राहतो. दुसरं दार त्या घराला नव्हतं, खिडक्यांना गज होते. काकूंची नजर सवयीने स्क्रूंवर गेली. दाराच्या बिजागऱ्या गंजून लाल झाल्या होत्या. साखळीचे चारही स्क्रू चकचकीत होते.

"आपण गवंड्याला वर बोलावू या," नवरा हळू आवाजात म्हणाला.

"गवंडी साखळी काढतो का?"

फटीतून पिल्लाचा आवाज आला. मांजरीने काकूंच्या घोट्याला डोकं लावलं. ती कधीही कुणाला डोकं लावत नसे. काकूंनी पिशवीतून तार काढली, तिचं टोक वाकवून आकडा केला, दोऱ्याचा फास अडकवला, दार जरा लोटून घेतलं आणि डोळे मिटले. हे काम डोळ्यांचं नव्हतं. बोटांना साखळीची कडी लागली, फास बसला, दोरा बाजूला सरकला. खळ्ळ.

"झालं," त्या म्हणाल्या. अशा अवघड जागी एका दमात साखळी काढणारा दुसरा कारागीर या शहरात नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या क्षणी ते आठवून बरंही वाटलं.

काम चालू असताना दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, कुणीतरी ते लक्ष देऊन बघत होतं असं त्यांना वाटलं. पण तसं प्रत्येक बंद दाराशी वाटतंच.

४

नवरा दारात थांबला. गुडघ्यांचं कारण होतं, आणि कुणीतरी दार धरून उभं राहायलाच हवं होतं.

बाहेरची खोली. चादरींखाली खुर्च्या. धूळ इतकी की फरशीचा रंग कळत नव्हता. धुळीत फक्त मांजरीची पावलं, न्हाणीघराकडून येण्याजाण्याची एक रुळलेली पायवाट. माणसाचं पाऊल एकही नाही. काकूंनी ते दोनदा तपासलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. कुणी नाही. तेल, साखळी, त्यांचं जे काय असेल ते नंतर बघू.

मांजर आपल्याच पायवाटेने पुढे निघाली, काकू तिच्या मागून. मधल्या खोलीच्या दारापर्यंत पायवाट सरळ होती. तिथून पुढे समोरच्या दाराकडे जाताना ती एकाएकी वाकली. अर्धवर्तुळ काढून, भिंतीला चिकटून पलीकडे गेली होती. मध्ये काहीच नव्हतं. टेबल नाही, खुर्ची नाही. फक्त फरशीचा एक तुकडा, बसायच्या पाटाएवढा, पुसल्यासारखा लख्ख.

मांजरीने भिंतीला अंग लावून तो वळसा घातला. रिकाम्या खोलीत.

काकूंना हसू यायला हवं होतं. पण त्यांनीही भिंतीला पाठ लावली आणि मांजरीच्या पावलांवर पाऊल ठेवत गेल्या. मांजराला अक्कल असते, त्यांनी स्वतःला सांगितलं. ती ज्या वाटेने इतके दिवस सुखरूप गेली ती वाट आपण का सोडावी?

आतल्या खोलीत कपाट होतं, आणि त्याचा खालचा खण ओढून उघडलेला. जड लाकडी खण. मांजरीच्या बापाला ओढता आला नसता. आत जुनी शाल चौपदरी घडी करून पसरली होती, कडा नीट दुमडलेल्या, पाळण्यात दुपटं घालतात तशा. त्यावर पिल्लं. डोळे मिटलेली, अंग उबदार. एक काळं, दोन पट्ट्यांची.

काकूंनी हत्यारं पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवली, आतल्या कप्प्यात स्वतःचा स्वेटर काढून अंथरला आणि तिन्ही पिल्लं एकेक करून ठेवली. मांजरीने प्रत्येकाला हुंगून पाहिलं. मग ती खणात चढली, शालीच्या घड्या पंजाने उकरू लागली.

"चल गं बाई. झालं."

बाहेरून नवऱ्याची हाक आली. "आलीस का?"

"आले," काकू म्हणाल्या.

थोडं थांबून मधल्या खोलीतून, खालून, जमिनीलगत आवाज आला. "आलीस का?"

नवऱ्याचाच आवाज. सुरुवातीला तो जरा खाकरायचा, तेसुद्धा. फक्त प्रश्नाचा चढ नव्हता. एखादं वाक्य समजून न घेता पाठ करावं तसं.

प्रतिध्वनी, काकूंनी ठरवलं. रिकामी घरं बोलतात. मग त्यांना आठवलं की आपणही 'आले' म्हटलं होतं, आणि आपल्या शब्दाचा प्रतिध्वनी काही आला नव्हता.

५

परत जाताना त्या मधल्या खोलीच्या दाराशी थबकल्या. लख्ख तुकडा होता, पण पूर्वीच्या जागी नव्हता. आता तो भिंतीपाशी होता, बरोबर पायवाटेवर. जिथे आधी होता तिथे धूळ होती, जणू कधी हललीच नव्हती.

पिशवीत पिल्लं चुळबुळत होती. त्यांनी मांजरीकडे पाहिलं. ती केस फुलवून, शेपटी जाड करून उभी होती, पण पळत नव्हती. खोलीच्या दुसऱ्या बाजूने, कोऱ्या धुळीतून, तिने एक एक पाऊल टाकत नवी वाट पाडली. दर दोन पावलांनी मागे बघायची, काकू येतात ना म्हणून. काकू आल्या. तुकड्याकडे न बघता, पिशवी पोटाशी धरून, खोली पार करून आल्या.

बाहेरच्या दारात नवरा पांढराफटक.

"साखळी का लावलीस मध्येच?"

"मी कुठं लावली?"

"अगं, मी दार धरून उभा होतो. आतून कुणीतरी हळूच लोटलं. मला वाटलं तू, म्हणून मी सोडलं. मग खळ्ळ केलं. मी ढकललं तेव्हा पुन्हा निघाली. मला वाटलं तुझं काहीतरी चाललंय."

काकूंनी साखळी हातात घेतली. आत गारठा होता, पण कडीचं टोक कोमट होतं. कुणीतरी बराच वेळ बोटांत धरून ठेवल्यासारखं.

जिन्यात येऊन त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कठड्याला टेकल्या. मांजरीने पिशवीत डोकं घातलं. एकेकाला हुंगलं. मग डोकं बाहेर काढून ती दाराकडे गेली आणि उंबऱ्याशी बसली. आधी बसली होती तशीच.

"आता काय राहिलं?" नवरा म्हणाला.

काकूंना कळलं होतं. शालीच्या घड्या ती उगाच उकरत नव्हती.

"चौथं आहे."

"चौथं नको. तीन पुष्कळ झाली. तू खाली चल."

मांजर उठून आत जाऊ लागली. एकटीच. तिची सगळी पाठ थरथरत होती, पण पाऊल आत पडलं होतं.

काकूंनी तिला उचललं. तपासनीसबाईला आजवर कुणी उचललं नव्हतं. तिने नखं काढली नाहीत. काकूंनी तिला नवऱ्याच्या हातात दिलं. "हिला धरा. दारात पाय घालून ठेवा, आणि काही झालं तरी मला हाक मारू नका. एक शब्द नाही. तो शिकतो."

"कोण?"

"मला काय माहीत."

नवऱ्याने मांजर छातीशी धरली आणि दुखरा पाय दाराच्या फटीत रोवला. "हा पाय आता कुणाचा बाप हलवणार नाही," तो म्हणाला, आणि मग खरंच गप्प झाला.

६

चौथं पिल्लू शोधावं लागलं नाही. मधल्या खोलीत, लख्ख तुकड्याच्या बरोबर मध्ये ते बसलं होतं. पांढरं, सगळ्यांत लहान. आणि ती घरघर आता अगदी स्पष्ट होती. पिल्लाभोवतीच्या हवेतून येत होती, पाइप तिथून बराच लांब.

काकू दारात उभ्या राहिल्या. त्यांना दिसत होतं फक्त पिल्लू. मग पिल्लाच्या पाठीवरचे केस डोक्यापासून शेपटीपर्यंत हळूहळू दबत गेले, आणि पुन्हा उठले. पुन्हा दबले.

पळावंसं वाटलं. खोटं कशाला? पण बंद दारापुढे उभं राहून काम करायची त्यांना पन्नास वर्षांची सवय होती, आणि शरीर सवयीने उभं राहिलं. भांडायचं नाही. त्या आल्या होत्या एका कामासाठी. त्यांनी घसा साफ केला आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या,

"हे पिल्लू मी न्यायला आले आहे. त्याची आई दारात आहे. जाळी लागली की तिला आत येता येणार नाही, आणि दुधावाचून ते मरेल. तुम्ही त्यांना ऊब दिलीत. पण दूध तुमच्याकडे नाही."

घरघर थांबली.

इतकी शांतता की दारात नवऱ्याच्या छातीशी मांजर श्वास घेत होती तेही ऐकू आलं. काकू गुडघ्यांवर बसल्या. हात पुढे करून, तळवा वर करून त्यांनी तो फरशीवर ठेवला, लख्ख तुकड्याच्या कडेला, आत नाही. फरशी बर्फासारखी होती आणि तुकडा गरम. कडेवर ठेवलेल्या बोटांना दोन्ही कळत होतं.

पिल्लू हललं. आंधळं, डुगडुगत निघालं. मध्ये एकदा थांबलं, मागे ओढल्यासारखं. काकूंनी हात मागे घेतला नाही. मग ते सुटलं, आणि तळव्यावर येऊन पडलं.

त्या उठता उठता कोपऱ्यातल्या आरशावर नजर गेली. त्याच्यावरची चादर एका कडेने घसरली होती, विटेएवढा आरसा उघडा होता. त्यात काकूंना आपली वाकलेली पाठ दिसली. आणि तिच्याशेजारी आणखी एक पाठ, तशीच वाकलेली, तितकीच रुंद. आणखी एक हात, तळवा वर करून, जमिनीवर ठेवलेला. बोटं नीट जुळवून, काकूंचीच नक्कल करत, धीर धरून वाट बघणारा.

काकूंनी वळून पाहिलं नाही. पिल्लू छातीशी धरून त्या सरळ चालत बाहेर आल्या. पळाल्या नाहीत, हे नवऱ्याने नंतर पुन्हा पुन्हा सगळ्यांना सांगितलं. त्याने फटीतला पाय काढला, काकूंनी दार ओढलं, लॅच बसला.

आतून साखळी सरकली. खळ्ळ. मग निघाली. मग पुन्हा सरकली, पुन्हा निघाली. दर वेळी जरा जास्त सफाईने.

"अहो," काकू म्हणाल्या, "खालून मोठा कडी-कोयंडा आणि कुलूप आणा. आणि भोकं पाडायचं ते हाताचं गिरमिट."

गवंडी हाक मारल्याबरोबर सामान घेऊन वर आला. काकूंनी दारात आणि चौकटीत मिळून आठ स्क्रू पिळले. एकेका स्क्रूचं टोक दारापलीकडे निघालं की तिथे टिक असा हलका आवाज व्हायचा, बोटाचं नख लावून बघावं तसा. बारा वाजता गवंडी जाळी ठोकायला गेला, आणि सांगितली होती त्याच्या दुप्पट खिळे मारून आला.

७

संध्याकाळी काकूंनी आजींना फोन केला. चारही पिल्लं निघाली, साखळीची वाट लावावी लागली नाही, असं सांगितलं.

"कसली साखळी?" आजी म्हणाल्या.

"दाराची. आतली."

"त्या दाराला साखळी कधीच नव्हती," आजी म्हणाल्या. आणि मग, "सगळी बाहेर आलात ना? चारही आणि तुम्ही?"

"सगळी आलो."

"मग तुम्ही फार चांगलं काम केलंत," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

तपासनीसबाईने पूर्ण सुट्टी दुकानात काढली, जुन्या कुलपांच्या खोक्यात, काकूंच्या स्वेटरवर. लोक परत आले, बॅगा उतरवायच्या आधी पिल्लं बघायला वाकले. आळीतल्या तीन घरांनी तीन पिल्लं मागून घेतली. काकूंनी प्रत्येक घराची आधी झडप, खिडकी, गच्चीचं दार तपासलं आणि मगच दिली. पांढरं कुणालाच दिलं नाही. नवरा जिन्यात प्रत्येकाला गाठून सांगायचा, "पहिल्यांदा कुणीही आत जाईल हो. ही दुसऱ्यांदा गेली." चाळीस वर्षांचं साठलेलं त्याने एका आठवड्यात बोलून टाकलं. काकू आतून ऐकायच्या आणि कानस जरा जोरात घासायच्या.

महिन्याभराने एक दलाल आला. आजींच्या मुलाला घर विकायचं होतं.

"कडी-कोयंड्याचं कुलूप तुम्हीच लावलंय ना काकू? उघडून द्या."

"त्याला चावी नाही. मी ती वितळवली."

"मग तुमच्या त्या तारांनी."

"मला ते उघडता येत नाही," काकू म्हणाल्या.

नवऱ्याच्या हातातलं पेन थांबलं. दलाल हसला. "तुमचं नाव फार ऐकलं होतं," एवढं बोलून तो गेला आणि चौकापलीकडच्या कुलूपवाल्याला घेऊन आला. तो काकूंच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला, वडिलांना अजून वस्ताद म्हणणारा. आता त्याचंही डोकं पांढरं झालं होतं. हत्यारं घेऊन तो वर गेला. पाच मिनिटांत खाली आला, दलालाला म्हणाला, "हे माझ्याच्याने व्हायचं नाही. दुसऱ्या कुणालाही आणू नका," आणि त्याला वाटेला लावलं.

मग तो दुकानात येऊन बसला. हात पुसत राहिला. पांढरं पिल्लू त्याच्या मांडीवर चढलं, त्याने त्याला थोपटलं.

"काकू, मी कुलपाला हात लावला, तर आतून कुणीतरी म्हणालं, 'उघडा, मी अडकलोय.'"

"कुणाच्या आवाजात?"

कुलूपवाल्याने स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग नजर खाली केली.

काकूंनी त्याच्यापुढे चहा सरकवला. त्याने कप दोन्ही हातांत धरला, दोन घोट घेतले, आणि मग एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला सांगावं तसं म्हणाला,

"कोयंडा मात्र फार नेकीने बसवलाय. आठही स्क्रू एका ओळंब्यात. वस्तादांना दाखवावं असं काम आहे."